मंत्रचळ, विवाह आणि कायद्याचा एकच प्रश्न

‘मला जरा ओसीडी आहे’ हे वाक्य आपल्याकडे टापटिपीची कौतुकमिश्रित कबुली म्हणून सर्रास उच्चारले जाते. मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात, त्या आजाराचे वास्तव निराळे आहे. नकोसा विचार मनात वारंवार घुसतो, त्याने भय दाटते आणि ते शमवण्यासाठी हात धुणे, कुलूप तपासणे, मनातल्या मनात मोजणे अशा कृती पुनःपुन्हा कराव्या लागतात. सुटका क्षणभराची, विचार परततोच.

या चक्रात जोडीदार नकळत ओढला जातो. बाहेरून येताच दारात कपडे बदलणे, ‘गॅस बंद केला ना?’ या प्रश्नाला दहाव्यांदा उत्तर देणे, हे सारे प्रेमापोटी घडते. पण प्रत्येक दिलासा आजाराला खतपाणीच घालतो. काहींच्या बाबतीत संशय थेट प्रेमावरच येतो. ‘माझे हिच्यावर खरोखर प्रेम आहे का?’ हा प्रश्न कितीही उत्तरे मिळाली तरी मिटत नाही आणि पत्नीला त्यात आजार न दिसता नकार दिसतो.

अशा नात्याला कायदा काय देतो? हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३ नुसार, सोबत राहण्याची वाजवी अपेक्षा करता येणार नाही इतका तीव्र मनोविकार हे घटस्फोटाचे कारण ठरते. केवळ आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. कुष्ठरोग हे कारण संसदेने २०१९ मध्ये वगळले. मनोविकार कायम राहिला.

हे कलम सरसकट रद्द करावे, असे मी म्हणणार नाही. असह्य सहजीवनातून बाहेर पडण्याचा हक्क जोडीदाराला असलाच पाहिजे. माझा आक्षेप असा की, नाते तोडावे की नाही एवढाच प्रश्न कायदा विचारतो. त्याच्या धास्तीने लग्न ठरवताना आजार लपवला जातो, लग्नानंतर औषधे चोरून घेतली जातात किंवा थांबतात. मग आजार बळावतो आणि फसवणुकीचा आरोपही माथी येतो.

वास्तविक मंत्रचळावर परिणामकारक उपचार आहेत. औषधांच्या जोडीला, भयाला टप्प्याटप्प्याने सामोरे जात ठरावीक कृती टाळण्याचा सराव दिला जातो. दिलासा कधी आणि कसा आवरावा, हे जोडीदारालाही शिकवता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांचा हक्क दिला, विम्यातही शारीरिक आजारांशी समानता दिली. मात्र असा सराव देणारे प्रशिक्षित मानसतज्ज्ञ मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ आहेत.

म्हणून दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात रुग्णाच्या संमतीने जोडीदाराचे समुपदेशन हा उपचाराचाच भाग मानावा. दुसरे, कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ न्यायालयांना वैद्यकीय तज्ज्ञांचे साहाय्य घेण्याची मुभा देतो. तिचा वापर करून, योग्य उपचार कधी मिळाले होते का, हे आधी तपासावे. अर्थात, याआडून कोणावरही, विशेषतः स्त्रियांवर, संसार टिकवण्याची सक्ती होता कामा नये.

उपचारांनंतरही दोघांनी विभक्त होण्याचे ठरवले, तर तो त्यांचा अधिकार आहे. उपचारांची संधीच न मिळता संसार मोडला, तर ते अपयश आरोग्य व्यवस्थेच्या खात्यावर मांडले गेले पाहिजे.