मोजून झालंय, आता फक्त टेप आणा!

काल शाळेसमोरच्या टपरीवर नववीतलं पोरगं पुडी फाडताना पाहिलं. टपरीवाल्याला हटकलं, तर म्हणाला, "भाऊ, एवढ्याशाने काय होतंय?"

काय होतंय, हे मोजण्यात डॉ. प्रकाश गुप्ता या माणसाचं आयुष्य गेलंय. पेशंट तपासणारे डॉक्टर नव्हेत, आकडे मोजणारे संशोधक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतवैद्य डॉ. फली मेहतांच्या चमूत त्यांनी काम केलं. याच चमूने आपल्या महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासली. तो अभ्यास १९७२ साली छापून आलाय. पुढे केरळ, गुजरात, आंध्रातल्या खेड्यांत ३६ हजार तंबाखूवाल्यांना गाठून सोडायला समजावलं, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांना समजावलं, त्यांच्यात सोडणारे वाढले, तोंडातले पांढरे चट्टे कमी झाले. म्हणजे सांगून उपयोग होतो, हे १९८६ सालीच सिद्ध झालंय.

नंतर मुंबईत मतदारयाद्या घेऊन सुमारे दीड लाख लोकांचा अभ्यास. "विडी गरिबाची, साधी" म्हणणाऱ्यांनी ऐका : विडी सिगारेटपेक्षा जराही कमी घातक निघाली नाही.

आता आपलं बघा. शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, तंबाखू विकायची नाही, हा कायदा २००३ चा. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून. आणि ही टपरी फाटकापासून पन्नास पावलांवर!

"गरिबाच्या पोटावर पाय देता का?" असं कुणी विचारेलच. नाही हो. टपरीवाला लहान मासा. बंदी असलेला माल त्याच्यापर्यंत रोज गाडीने येतो, ती गाडी कुणालाच कशी दिसत नाही?

आणि आम्ही पत्रकार तरी कुठे धुतल्या तांदळाचे? मी एका पेपरात होतो, तिथे पहिल्या पानावर पानमसालावाल्याची 'वेलची' आणि आतल्या पानात कॅन्सर दिनाचा लेख. लेख मीच लिहिला होता. जाहिरातीबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्याची आजही लाज वाटते.

नवीन संशोधन नकोय. येत्या सोमवारी मी टेप घेऊन शाळेच्या फाटकावर उभा राहणार आहे. मुख्याध्यापक, नगरसेवक, पोलीस, पालक, सगळ्यांनी या. ९१ मीटर मोजू, आत किती टपऱ्या येतात त्यांची यादी फोटोसकट इथेच टाकतो.

नुसतं लाईक करू नका राव, या!