दोरावर लटकलेला माणूस आणि आपण

आमच्या मुडबी परिसरात नाव घ्यावे असा डोंगर नाही. बसवकल्याणहून कलबुर्गीच्या दिशेने निघावे, तर काळी रानं, तुरीची शेतं आणि मधूनच तांबड्या जांभ्याचे माळ, एवढेच दृष्टीस पडते. त्यामुळे दोराच्या साहाय्याने दऱ्या आणि धबधबे उतरण्याच्या छंदावर येथील एका डॉक्टराने स्मरणिकेत लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु ‘साहसी सहलीसाठी तंदुरुस्त’ असे प्रमाणपत्र मागणारी तरुण मंडळी आता आपल्याही दवाखान्यात येतात. आपण नाडी पाहतो, रक्तदाब मोजतो आणि सही करतो. मीही अशा सह्या केल्या आहेत. कशासाठी करतो आहोत, हे मात्र सांदण दरीत उतरेपर्यंत मला ठाऊक नव्हते.

सांदण ही अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, भंडारदऱ्यापलीकडच्या साम्रद गावाजवळची दरी. रतनगड व अलंग-मदन-कुलंग यांच्या शेजारी सह्याद्रीला पडलेली ती एक अरुंद, खोल भेग आहे. आपल्या विहिरी खणताना जो काळा पाषाण लागतो, त्याच दख्खनी बेसॉल्टच्या भिंती तेथे दोन्ही बाजूंनी शेकडो फूट उभ्या आहेत. काही ठिकाणी ऊन तळाशी क्षणभरच पोहोचते. आरंभी कमरेइतक्या गार पाण्यातून जावे लागते. पुढे पावसाळ्यात जेथून पाणी कोसळते, ते कोरडे कडे दोरावरून उतरायचे. पावसाळ्यात या दरीत कोणी उतरत नाही, उतरूही नये.

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. एका कड्यावर आमच्यातील एका तरुणाचा सैल सदरा दोर सरकविण्याच्या कडीत अडकला आणि तो अधांतरी लटकला. दुसरा दोर सोडून त्याला मोकळे करण्यास दहा-बारा मिनिटे लागली. प्रथम तो हसत होता, मग गप्प झाला, मग चेहरा पांढरा पडला. खाली आणताच वाटाड्या ओरडला, “आडवा करू नका, बसवून ठेवा, नाहीतर हृदय बंद पडेल!” सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मीही कधीतरी तसेच वाचले होते. म्हणून त्याला खडकाला टेकवून बसविले. तो अखेर भोवळ येऊन स्वतःच आडवा झाला आणि दोन-तीन मिनिटांत डोळे उघडून पाणी मागू लागला. माझ्या वैद्यकीय ज्ञानाचा त्यात काही वाटा नव्हता.

परत आल्यावर वाचन केले. दोरावर निश्चल लटकलेल्या माणसाच्या पायांतील स्नायूंचा पंप थांबतो, रक्त खाली साचते, मेंदूचा पुरवठा घटतो आणि भोवळ येते. जमिनीवर भोवळ आलेला माणूस आडवा पडतो व सावरतो. दोरावरच्या माणसाला तीही सोय नसते, आणि वेळेत सुटका न झाल्यास मृत्यू येऊ शकतो. खाली आणल्यावर अर्धा तास बसवून ठेवावे, ही जुनी शिकवण होती. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात तिला पुरावा सापडला नाही. गिर्यारोहणातील तातडीच्या वैद्यकाचे आंतरराष्ट्रीय मंडळही आता रुग्णास आडवेच करावयास सांगते: त्वरित खाली आणा, आडवे करा, श्वास व नाडी पाहा आणि नेहमीचे प्रथमोपचार करा. बराच वेळ लटकला असेल, तर पोटॅशियम व मूत्रपिंडांकडे लक्ष ठेवा. तोवर लटकलेल्याने पाय हलवीत राहावे, भिंतीला रेटा द्यावा.

वाहत्या धबधब्यात तर हा अवधी आणखी आखडतो. गारठा, डोक्यावर आदळणारे पाणी आणि नाकातोंडाशी भिडलेला प्रवाह! अडकलेल्यास वरूनच दोर ढिला करून खाली सोडता यावे, अशी बांधणी तेथे हवी. शिवाय वरच्या बाजूस पडलेल्या पावसाचा लोंढा सूचना देऊन येत नाही. जुलै १९९९ मध्ये स्वित्झर्लंडमधील इंटरलाकेनजवळ साक्सेटबाखच्या घळीत अशाच लोंढ्याने २१ जणांचा बळी घेतला, त्यांत वाटाडेही होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले, ते योग्यच झाले. पण आडवे करावे की बसवावे, हा प्रश्न कागद सोडवीत नाही. तो त्या क्षणी तेथे असलेल्या माणसाला सुटावा लागतो.

आणि हे केवळ हौशी तरुणांपुरते नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे विहिरींचा गाळ काढण्यासाठी माणसे कमरेला दोर बांधून उतरतात. त्यांना ना हार्नेस, ना दुसरा दोर. (विहिरीतील वायूचा धोका निराळा, त्यावर स्वतंत्र लेख हवा.) वर ओढताना माणूस अर्ध्यात अडकला, तर त्याची अवस्था सांदणमधील त्या तरुणासारखीच, किंबहुना वाईट, कमरेचा फास छाती-पोटावर चढतो आणि श्वासही कोंडतो.

माझे मत स्पष्ट आहे. प्रमाणपत्र देताना आपण भोवळीचा, अपस्माराचा, दम्याचा पूर्वेतिहास आणि चालू औषधे विचारावीत, आणि आयोजकाकडे दुसरा दोर व प्रथमोपचार जाणणारा माणूस आहे का, हेही विचारावे. उत्तर नसेल, तर सही करू नये. दोन रुग्ण रागावतील, रागावू देत. दुसरे, गाळाचा हंगाम सुरू होण्यापूर्वी संघटनेने एका रविवारी मुडबीत विहिरीवर काम करणाऱ्यांना बोलवावे. व्याख्यान नको. एका विहिरीच्या काठी त्यांचाच दोर घेऊन, अडकलेल्याला कसे सोडवायचे आणि वर आल्यावर कसे निजवायचे, ते करून पाहावे. पहिला दोर धरायला मी येतो.