गिअर निसटतो तो पेटीत की पायात?



या सदरात आपण ज्वारी, तूर, डाळिंब आणि जनावरे यांच्याविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तो शेतकऱ्याच्या घरातला नाही असे कोणी म्हणू नये. आज वस्तीवर बैलजोडी नसेल, मोटारसायकल मात्र असते. दुधाच्या किटल्या तिच्यावर, खताचे पोते तिच्यावर, मुलांची शाळा तिच्यावर आणि दवाखाना, बाजार, देवदर्शन हेही तिच्यावरच. आमच्यासारख्या फिरतीच्या नोकरीतल्या माणसाचे तर निम्मे आयुष्य तिच्या सीटवर गेले. या गाड्यांत जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. एखाद्या वाड्यात आजोबांची राजदूत किंवा येझदी अजून किक मारली की सुरू होते, कुठे जुनी बुलेट आहे, आणि वीस-पंचवीस वर्षांची हिरो होंडा तर घरोघरी दिसते.

या गाड्यांविषयी एक तक्रार मी पारावर आणि चहाच्या टपरीवर वारंवार ऐकतो. गिअर बदलताना मध्येच ‘खट्’ होते, इंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे ओढत नाही. पुन्हा पाय मारला की असा हिसका बसतो की मागे बसलेल्याचे डोके पाठीवर आपटते. मग फिटरकडे जावे तर तो सांगतो, इंजिन उतरवावे लागेल, पेटी उघडावी लागेल. पेरणीच्या तोंडावर हा खर्च जड जातो.

माझे म्हणणे असे की पेटी उघडण्याआधी पाय, हात आणि क्लचची तार या तीन गोष्टी तपासाव्यात. दोष बहुधा तिथेच सापडतो. मात्र तो तिथेच राहू दिला तर कालांतराने खरोखरच पेटीत उतरतो.

तसे का होते, हे समजायला पेटीत काय चालते ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की गिअर टाकला की एका चाकाचे दाते दुसऱ्या चाकाच्या दात्यांत जाऊन बसतात. मोटारसायकलच्या पेटीत तसे नसते. चाकांच्या जोड्या एकमेकींत कायम गुंतलेल्याच असतात. चाकाच्या अंगावर जाड खुंट्या असतात आणि शेजारच्या चाकाला खाचा असतात. आपण पायाने लिव्हर दाबली की आतला काटा चाक बाजूला सरकवतो आणि खुंट्या खाचांत बसतात. पूर्ण बसल्या की गिअर पडला. पाय अर्धवट मारला तर पहिल्या खाचेतून खुंट्या सुटतात, पण दुसरीत पोचत नाहीत. यालाच फिटर लोक ‘खोटा न्यूट्रल’ म्हणतात. कधी कधी खुंटी खाचेच्या कडेवर नुसती टेकते आणि घासून बाहेर फेकली जाते. तोच ‘खट्’ असा आवाज. असे दररोज दहा वेळा झाले की खुंटीचे कोपरे गोल होतात, आणि मग पाय कितीही नीट मारला तरी ओढ बसताच गिअर निसटतो.

हिसका बसला, एवढ्यावर हे थांबत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत टेंभुर्णी, पंढरपूर, अकलूज या बाजूच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ती लांबी ओलांडायला आपण उजवीकडे निघतो, समोरून एस. टी. दिसते, घाईने गिअर बदलतो आणि नेमका तेव्हाच खोटा न्यूट्रल लागतो. गाडी ट्रॉलीच्या बाजूला लटकते, ना पुढे ना मागे. मागे बायको असते, मांडीवर लेकरू असते. म्हणून मी या विषयाला एवढी जागा देतो आहे.

आता पायाची रीत. घरी पूर्वी मोट चालत असेल तर वडीलधाऱ्यांना विचारा. भरल्या मोटेची ओढ असताना बैल मागे घेत नसत. मोट रिकामी झाली, नाडा सैल पडला, की मगच बैल परतायचे. गिअरचेही तसेच आहे. खुंट्यांवर इंजिनाची ओढ असताना त्या खाचेतून सुटायला नाखूश असतात. ओढ सैल करायची ती रेस सोडून आणि क्लच दाबून, आणि ही दोन कामे एकदमच व्हायला हवीत. रेस आधी सोडली तर गाडी मान टाकते, क्लच आधी दाबला तर इंजिन किंचाळते. हे साधण्यासाठी एक युक्ती आहे. गिअर बदलायच्या क्षणभर आधी पाय लिव्हरवर हलकासा टेकवून तिचा मोकळा खेळ काढून घ्यायचा. मग क्लच दाबला आणि रेस सुटली की थोड्याच दाबाने गिअर सरकतो. लाथ मारावी लागत नाही. लाथेने काटा वाकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, लिव्हर शेवटपर्यंत दाबून क्लच सुटेपर्यंत पाय तिथेच धरून ठेवावा. पुष्कळ लोक लिव्हरला टिचकी मारल्यासारखा पाय मारतात आणि लगेच उचलतात. नवीन गाडी हे खपवून घेते, जुनी घेत नाही. मात्र गिअर बदलून झाला की पाय तिथून काढून घ्यावा. सतत लिव्हरवर विसावलेला पाय आतला काटा झिजवतो.

बुलेटवाल्यांनी आणखी थोडा दम धरावा. तिच्या इंजिनातले फिरते चाक जड असते, त्यामुळे रेस सोडली तरी इंजिनाचा वेग सावकाश उतरतो. मनात ‘एक, दोन’ म्हणण्याइतका अवधी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वेळी दिला तर ती लोण्यासारखा गिअर घेते. घाई केली तर खडखडते. तिच्या जुन्या चार गिअरच्या पेटीला टाचेने दाबायची एक छोटी वेगळी लिव्हर असते. क्लच दाबून ती मारली की दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून थेट न्यूट्रल मिळतो. कित्येकांना ती कशासाठी आहे हेच ठाऊक नसते.

येझदीची गंमत निराळी. जावाची गाडी म्हैसूरला १९६१ पासून बनू लागली, १९७३ पासून तिला येझदी नाव मिळाले आणि १९९६ साली तो कारखाना बंद झाला. या गाड्यांची किक आणि गिअर लिव्हर एकच. शिवाय लिव्हर हलवली की आतून क्लच थोडा आपोआप सुटतो, म्हणून काही जुने शौकीन हाताचा क्लच न दाबताच गिअर टाकतात. माझ्या मते जुन्या गाडीवर ती हौस करू नये. क्लच हातानेच दाबावा, आणि लिव्हर एकदम न सोडता पायाने हळू परतू द्यावी. लिव्हर झटक्यात सोडणे म्हणजे क्लच झटक्यात सोडणेच होय.

गिअर कमी करताना लोक याहून जास्त चुकतात. वेग आधी ब्रेकने उतरवावा, मग एकेक गिअर खाली यावे. क्लच दाबलेला असताना मूठ किंचित फिरवून इंजिनाला थोडी रेस द्यावी आणि मग क्लच हळू सोडावा. इंजिनाचा वेग आणि चाकाचा वेग जुळले की हिसका बसत नाही. चौथ्यातून एकदम दुसऱ्यात आणून क्लच सोडला तर मागचे चाक धरल्यासारखे होते, आणि मुरमाच्या रस्त्यावर गाडी आडवी जाते. रीत जमली की नाही हे आपल्याला कळत नाही, मागे बसलेल्याला कळते. घरच्या भगिनींनी याची परीक्षा घ्यावी. गिअर बदललेला त्यांना कळलाच नाही तर चालवणारा पास. पदर आणि ओढणी मात्र आवरून बसावे, चेनचे झाकण पुष्कळ गाड्यांना राहिलेले नसते.

दुसरा एक घातक प्रकार म्हणजे उतारावर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करणे. सोलापूरहून तुळजापूरला जाताना शेवटी बालाघाटाचा घाट चढावा लागतो. परत येताना तोच घाट उतरताना कितीतरी जण गाडी न्यूट्रल करून सोडतात, इंजिनही बंद करतात. तीन माणसे, वर ओटीचे सामान, आणि सगळा भार ब्रेकच्या पट्ट्यांवर. त्या तापल्या की पकड कमी होते, आणि मग वेगात गिअर घालायला जावे तर तो बसत नाही, नुसता खडखडतो. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवावी. राजदूत, येझदी यांसारख्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या गाड्यांना एक गोष्ट जास्तीची सांभाळावी लागते. लांब उतारावर रेस पूर्ण बंद राहिली तर पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही इंजिनाला पुरेसे मिळत नाही आणि पिस्टन जाम होऊ शकतो. म्हणून मध्ये मध्ये क्लच दाबून थोडी रेस द्यावी.

गावात गाडी मागून नेण्याची पद्धत आहे. तिथे मोठी फसगत होते. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. तिचा पहिला गिअर वर, बाकीचे खाली. इतर गाड्यांचे नेमके उलट, गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे. सवय नसलेला माणूस समोर म्हैस आली की घाबरून ब्रेक समजून गिअर दाबतो. हिरो होंडाच्या सीडी-१०० आणि स्प्लेंडर या गाड्यांचे सगळे गिअर चवड्याने पुढे दाबून पडतात, तर पुष्कळ गाड्यांचा पहिलाच पुढे आणि बाकीचे मागे. अशा दुसऱ्या गाडीला सरावलेला मुलगा वडिलांची स्प्लेंडर घेऊन निघाला आणि वेगात असताना त्याने गिअर वाढवायला टाच मारली, तर गिअर कमी होतो. चाक अडकते. म्हणून दुसऱ्याची गाडी घेताना चावीबरोबर गिअरची तऱ्हाही विचारून घ्यावी. आधी शंभर पावले माळावर चालवून पाहावी आणि मग डांबरी रस्त्याला लागावे.

आता हाताने तपासायच्या गोष्टी. क्लचची मूठ दाबायला सुरुवात केल्यावर टोकाशी बोटभर, म्हणजे साधारण दहा ते वीस मिलिमीटर, खेळ मोकळा असावा. त्याहून जास्त असेल तर मूठ पूर्ण दाबली तरी क्लच पूर्ण सुटत नाही, गिअर जड पडतो आणि थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही. खेळ अजिबात नसेल तर क्लच घसरतो आणि प्लेटा जळतात. तारेचे एक-दोन धागे तुटले असतील तर तार लगेच बदलावी. तिला वरून ऑइलचे थेंब सोडावेत. हे काम घरी, एका पान्यावर होते. त्यासाठी पेटी उघडायला जो सांगेल त्याला नमस्कार करावा.

सैल चेनही गिअरच्या नावावर खपते. चेन फार लोंबत असली की प्रत्येक गिअरला ‘खटॅक’ होते. ती मधोमध वर-खाली साधारण इंचभर हलावी. नेमके माप गाडीच्या पुस्तकात असते. लिव्हर आसावर ढिली झाली असेल तर आपला पाय पूर्ण जातो, पण आतला काटा पूर्ण सरकत नाही. बोल्ट आवळून पाहा. पावसाळ्यात आपली काळी माती लिव्हरखाली चिकटून सुकते आणि लिव्हरला खाली जायला जागाच उरत नाही. चपलेला तीच माती, म्हणून पाय घसरतो. रानातून रस्त्यावर येताच काडीने ती काढून टाकावी.

ऑइल वेळेवर बदलावे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून मोटारगाडीचे उरलेले ऑइल तिच्यात ओतू नये. त्याने क्लच घसरू शकतो. चार-स्ट्रोक गाडीच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ असे लिहिलेले पाहून घ्यावे. जुन्या बुलेटला इंजिन, पेटी आणि क्लच यांचे वंगण वेगवेगळे असते, हेही विसरू नये. थंडीच्या सकाळी तिच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. गाडी सुरू करण्याआधी क्लच दाबून चार किका मारल्या की त्या सुटतात आणि पहिला गिअर धाडकन पडत नाही.

उभ्या गाडीत पहिला गिअर पडलाच नाही तर जोर करू नये. खुंटीसमोर खाच आलेली नसते, एवढेच कारण असते. क्लच किंचित सोडून पुन्हा दाबावा किंवा गाडी वीतभर पुढे-मागे हलवावी.

हे सगळे करूनही एकच गिअर, समजा दुसरा, चढावर ओढ बसताच दर खेपेला निसटत असेल, किंवा काढलेल्या ऑइलमध्ये बोटाला लोखंडाचा कीस लागत असेल, तर मात्र पेटी उघडायला हवी. फिटरसमोर बसून खुंट्यांचे कोपरे स्वतः पाहावेत. गोल झालेले चाक बदलायचे तर ज्याच्या खाचेत त्याच्या खुंट्या बसतात ते जोडीचे चाकही तपासून, झिजले असेल तर बरोबरच बदलावे. काटा वाकला आहे का हेही पाहायला लावावे. खुंट्यांवर वेल्डिंगचा थर देऊन घासून बसवतो असे कोणी म्हणाले तर नको म्हणावे. तो थर टिकत नाही, आणि त्याचे तुकडे पेटीत पडले तर बाकीची चाकेही जातात.

पुढच्या अंकात करडईवरील माव्याविषयी.