हिरकणीची वाट

बेंगळुरूत दोन प्रकारची फाटके दिसतात. एक भारतीय विज्ञान संस्थेचे. 1909 साली स्थापन झालेल्या या संस्थेत देशोदेशीचे विद्यार्थी आणि पाहुणे प्राध्यापक येत-जात असतात. दुसरे सी. व्ही. रामन नगरातील डीआरडीओच्या प्रयोगशाळांचे. तिथे ओळखपत्राशिवाय पाऊल टाकता येत नाही. संगणकाच्या तासाला कॅडेट मला विचारतात, "सर, सायबर हल्ल्याचा धोका जास्त कुणाला? विद्यापीठाला की संशोधन संस्थेला?"

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. विद्यापीठात हजारो विद्यार्थी, प्रत्येकाचा लॅपटॉप वेगळा. दरवर्षी जुनी तुकडी जाते, नवी येते. गेलेल्यांची खाती बंद करायची राहून जातात. ज्ञान वाटणे हेच काम असल्याने दारे उघडी ठेवावीच लागतात. गोपनीय काम करणाऱ्या संशोधन संस्थेत माणसे मोजकी आणि महत्त्वाचे नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेले. तिथे शिरणे कठीण, पण कुणी शिरलाच तर नुकसान देशाचे. एकाचा खिसा वारंवार कापला जातो, दुसऱ्याची तिजोरी एकदाच फुटते.

माझ्या मते मात्र ही तुलना अपुरी आहे, कारण या दोन संस्थांमध्ये ये-जा असते. विज्ञान संस्थेत इस्रोबरोबरचा अवकाश तंत्रज्ञान कक्ष 1982 पासून आहे. असे सहकार्य हवेच. पण शत्रू नेमका हाच पूल शोधतो. 1986 साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफ स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणक वापराच्या हिशेबात 75 सेंटची तफावत दिसली. त्याने ती सोडून दिली नाही. माग काढता काढता तो जर्मनीतल्या हॅकरपर्यंत पोहोचला. या प्रयोगशाळेत गुप्त असे काही नव्हते. हॅकर तिथून पुढे अमेरिकी लष्कराच्या संगणकांत शिरत होता आणि मिळालेली माहिती सोव्हिएत गुप्तहेरांना विकली जात होती.

मग खरा फरक कशात? चूक सांगण्याच्या सवयीत. ऑक्टोबर 2019 मधल्या दोन घटना पाहा. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीवर आदल्या वर्षी हल्ला झाला होता. एका फसव्या ईमेलपासून चोर आत कसा आला आणि आपले काय चुकले, हे विद्यापीठाने सविस्तर अहवाल काढून जगाला सांगितले. त्याच महिन्यात कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पावरील हल्ल्याची बातमी आली. प्रकल्पाने ती आधी फेटाळली. दुसऱ्याच दिवशी, 30 ऑक्टोबरला, अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले की प्रशासकीय कामाच्या एका संगणकात मालवेअर सापडले होते. अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणा वेगळी असल्याने सुरक्षित होती. म्हणजे तटबंदीने आपले काम केले होते. मग पहिल्या दिवशीचा नकार कशासाठी?

शिस्तीच्या ठिकाणी ही अडचण असते, आणि ती मी स्वतः वाढवली आहे. एका कॅडेटने मला येऊन सांगितले होते, "सर, माझ्याकडून नको ती लिंक उघडली गेली." मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतले. त्यानंतर कितीतरी महिने एकाही मुलाने तशी चूक सांगितली नाही. चुका थांबल्या नव्हत्या, फक्त माझ्यापर्यंत येणे थांबले होते.

रायगडची हिरकणीची कथा तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ, म्हणून ती माउली रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा सन्मान केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. तिला दंड झाला असता, तर पुढे कुणी अशी वाट सापडल्याचे सांगितले असते का?

म्हणून कॅडेट मित्रांनो, उद्या तुम्ही विद्यापीठात जा, प्रयोगशाळेत जा किंवा पलटणीत जा. चुकीची लिंक उघडली, पेनड्राइव्ह हरवला, तर त्याच तासाला वरिष्ठांना सांगा. पालकांनो, मुलाने घरी असे काही कबूल केले तर आधी ऐकून घ्या, मग रागवा. आणि आम्हा शिक्षकांसाठी एकच गोष्ट: वाट दाखवणाऱ्याला दंड नको, वाटेवर बुरूज बांधा.