युद्धातली शस्त्रे कोणाची? : एक प्रत्युत्तर

लढाईत हाती लागलेले शस्त्र शिपायाचेच, हे मागील अंकातील पत्रातले विधान कायद्याला धरून नाही. काशीचा आजचा राजा घाट पूर्वी ज्यांच्या नावाने ओळखला जाई, त्या अमृतराव पेशव्यांच्या घराण्याची हकिकतच त्याला उत्तर देते.

रघुनाथरावांचे हे दत्तकपुत्र इंग्रजांशी तह करून १८०३ नंतर तनख्यावर उत्तरेत राहिले. वंशजांचा वाडा बुंदेलखंडात कर्वीला होता. सत्तावनच्या उठावाच्या धामधुमीत, जून १८५८ मध्ये, हे वंशज नारायणराव व माधवराव न लढता शरण आले, तरी इंग्रज जनरल व्हिटलॉकच्या फौजेने खजिना, जवाहीर, तोफा सारे ताब्यात घेतले. हा उघड अन्याय होता. पण ही लूटसुद्धा कायद्याने इंग्लंडच्या राणीची; तिच्या मंजुरीवाचून शिपायाला त्यातली कट्यारही स्वतःची म्हणता येत नव्हती. वाटणीचा तंटा लंडनच्या ॲडमिरल्टी न्यायालयात गेला. १८६६ मध्ये न्यायाधीश लशिंग्टन यांनी व्हिटलॉकची फौज आणि सरसेनापती यांचा हक्क मान्य केला. इतर सेनानींचे दावे फेटाळले.

आज भारतात शत्रूचे शस्त्र सरकारजमा होते. परवान्यावाचून बंदूक घरी ठेवणे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, ठेवणारा कितीही शूर असो. पराक्रमाची खूण म्हणून ती पलटणीच्या संग्रहालयात रीतसर ठेवता येते.

– एक वाचक, वाराणसी