फराहबाग आमचा नाही काय?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या धर्मग्रामांतून बसगाड्या निघतात. कोणी वेलांकणीला जातात, कोणी जुन्या गोव्याला. या यात्रांविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती यात्रेला जोडून केल्या जाणाऱ्या सहलीविषयी. तीत पाण्याच्या घसरगुंड्यांचे उद्यान हमखास असते. ज्या जिल्ह्यात आमची घरे आणि वाडवडिलांची थडगी आहेत, तेथला फराहबाग मात्र कधीच नसतो.

तलावाच्या मधोमध उभारलेला हा अष्टकोनी, दुमजली महाल मुर्तजा निजामशहाच्या काळात, १५८३ मध्ये पूर्ण झाला. आज तलावात पाणी नाही आणि गिलावाही बराच गळून गेला आहे. तरी मधल्या उंच दालनात उन्हाच्या वेळी उभे राहावे, म्हणजे बांधणाऱ्यांना वारा आणि सावली यांची किती जाण होती ते उमगते.

‘पण ते तर मुसलमानांचे!’ असे आम्हांला आमच्याच माणसांनी ऐकवले आहे. हे ऐकून आम्हांला लाज वाटली. नगरचा पाया घालणाऱ्या मलिक अहमदचा पिता मूळचा ब्राह्मण होता, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. धर्म बदलला म्हणून माती परकी होत नाही, हे इतरांना पटवून देता देता आमच्या पिढ्या गेल्या. तोच न्याय दुसऱ्याला लावताना आमची जीभ का अडखळते?

शहराच्या पूर्वेला डोंगरावर जो ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून दाखवला जातो, तो चांदबिबीचा नाही आणि महालही नाही. निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबिबीचा पराक्रम पाहायचा तर भुईकोट किल्ल्यात जावे. १५९५-९६ च्या वेढ्यात तिने तो मोगलांपासून राखला. त्याच किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू बंदिवान होते. त्यांचा भारतशोधाचा ग्रंथ तेथेच लिहिला गेला. आता त्या सलाबतखानाच्या कबरीच्या भिंती पाहा! खिळ्याने कोरलेली नावे, बाण रुतलेली हृदये. त्या नावांत आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत शोभतील अशीही नावे आम्ही वाचली. सरकार दुर्लक्ष करते हे खरेच. पण तो खिळा सरकारच्या हातात नव्हता.

कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीचीही तीच गत. १९८० मध्ये घोषित झालेले हे काळविटांचे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे. एवढ्याशा माळावर कर्णा लावून गाणी वाजवली तर त्या मुक्या जिवांनी जावे कोठे? ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रावर आमच्याकडे प्रवचने पुष्कळ झाली. त्यानंतरच्या भोजनाच्या पत्रावळी मात्र प्लास्टिकच्याच होत्या, हे आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि दुसऱ्यांना काय बोलावे? एका धर्मग्रामात जुना, कौलारू मिशन बंगला पाडताना आम्ही हजर होतो. सागवानी दारे वजनावर विकली गेली. आमच्यापैकी एकानेही हात वर केला नाही, आम्हीही नाही.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेसाठी दुरून कुटुंबे येतात. त्यांतल्या एखाद्या बसने परतताना नगरला दोन तास थांबावे. भाकरी घरची असावी, कर्णा घरीच ठेवावा आणि मुलांच्या खिशांत खिळा नाही एवढे तेवढे पाहून घ्यावे.