पिल्लू फुकट, पण पुढची बारा वर्षे?

या सदरात आम्ही आजवर शाळेची फी, घराचा हप्ता, दुखण्याखुपण्याचा खर्च यांचा हिशेब मांडत आलो. या खेपेस अशा खर्चाविषयी लिहीत आहोत, ज्याची नोंद घरखर्चाच्या वहीत बहुधा सापडत नाही. मूल हट्ट धरते, ओळखीचा कोणी पिल्लू आणून देतो, "फुकट आहे, ठेवून घ्या" म्हणतो, आणि कुत्रे घरात येते. घेताना पैसा लागला नाही, म्हणून हिशेबही कोणी करीत नाही.

कुत्रे पाळणे ही श्रीमंतांची हौस, आपण त्या फंदात पडू नये, असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. गावाकडे आपल्या घरी शेळी, कोंबड्या, कुत्रे होतेच. पण ते कुत्रे अंगणात राही, भाकरतुकडा खाई, आजारी पडले तर आपोआप बरे होई किंवा मरून जाई. शहरातल्या दोन खोल्यांत, लहान मुलांच्या अंथरुणाशेजारी निजणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत तसे करून चालणार नाही.

आता वही उघडू. पंधरा-वीस किलो वजनाचे गावठी कुत्रे धरू. भात, अंडी, कोंबडीचे तुकडे असे घरचेच खाणे दिले तरी दिवसाला ६० रुपये धरावेत. वर्षाचे झाले २१,९०० रुपये. लसी, जंताचे औषध, गोचिडांचे औषध, पट्टा, साबण, महापालिकेचा परवाना मिळून वर्षाला ५,००० रुपये. हे आकडे आम्ही अंदाजाने धरले आहेत. आपल्या भागातल्या डॉक्टरांना आणि दुकानदाराला विचारून ज्याने त्याने आपले भरावेत. यात आजारपणासाठी महिन्याला ५०० रुपये बाजूला टाकले, तर वर्षाचा एकूण खर्च ३२,९०० रुपये होतो. कुत्रे बारा वर्षे सहज जगते. बारा वर्षांचे ३,९४,८०० रुपये! पहिल्या वर्षाची नसबंदी यात धरलेलीच नाही.

हा आकडा पाहून पुष्कळांचा विश्वास बसणार नाही, कारण हा पैसा एकदम जात नाही. रोज वाण्याच्या बिलात थोडा थोडा मिसळून जातो. एकदम जातो तो आजारपणाचा. पिल्लाला पार्व्हो झाला की उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते, काही दिवस रोज सलाईन लावावे लागते, आणि इतके करूनही पिल्लू हाती लागेलच असे नाही. त्यावरची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस द्यावे लागतात. ती चुकवून वाचवलेले पैसे दवाखान्यात कितीतरी पटीने मोजावे लागतात, तेही बहुधा महिनाअखेरीस, उसनवारी करून.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी. हा खर्च कुत्र्याचा नव्हे, घरातल्या मुलांचा समजावा. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. (कुत्रे चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. हळद, चुना भरत बसू नये.)

काटकसर कुठे करावी? अंथरूण जुन्या चादरीचे चालते. खेळणी, कपडे, वाढदिवसाचा केक यांची कुत्र्याला गरज नसते, ती हौस आपली. औषधपाण्यासाठी आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी. मुंबईकरांना परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय ठाऊक असेलच. जातिवंत कुत्र्याच्या मोहात मात्र पडू नये. मुंबई-नागपूरच्या उकाड्यात हस्कीला आणायचे म्हणजे त्याच्यासाठी गारवाही विकत घ्यायचा. चपट्या नाकाच्या पगला श्वासाचा त्रास, म्हणजे पुन्हा डॉक्टर. गावठी पिल्लू इथल्या हवेत वाढलेले असते.

आणि खाण्यात काटकसर म्हणून उरलेला रस्सा पातेल्यातून ओतू नये. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. चॉकलेट आणि द्राक्षेही. मांजर पाळणाऱ्या भगिनींनी तर घरातली तापाची गोळी तिला चुकूनही देऊ नये, पॅरासिटामॉल मांजरीच्या जिवावर बेतते.

मे महिन्यात गावी निघालो की कुत्र्याचे काय, हा प्रश्न तिकिटे काढल्यावर सुचतो. शेजारीण एक वर्ष सांभाळील, दोन वर्षे सांभाळील. मग दिवसावर पैसे घेणारे पाळणाघर शोधावे लागते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी मालकाशी आधीच बोलून घ्यावे. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. पण घर बदलताना नवा मालक नाही म्हणाला, तर त्या सूचनांचा कागद दाखवून खोली मिळत नाही.

खर्च झेपेनासा झाला की काहीजण रात्री कुत्रे दूरच्या नाक्यावर सोडून येतात. घरात वाढलेल्या कुत्र्याला उकिरड्यावर पोट भरता येत नाही, आणि तिथली कुत्री त्याला उभे राहू देत नाहीत. जनावराला असे उपाशी मरण्यास सोडणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. घरी मुले दुसऱ्या दिवशी विचारतात, त्यांना "पळून गेले" म्हणून सांगितले जाते. मुलांना खरे काय ते बहुधा कळते.

म्हणून आमची सूचना अशी. पिल्लू आणण्यापूर्वी तीन महिने वरच्या हिशेबाचे महिन्याला २,७०० रुपये वेगळ्या डब्यात टाकून पाहावेत. मुलांनाही डबा दाखवावा, आकडा त्यांच्याच हाताने वहीत लिहू द्यावा. त्या तीन महिन्यांत जून येईल असे पाहावे. वह्या, गणवेश, फी सगळे भागवून डबा शिल्लक राहिला, तर त्यात ८,१०० रुपये असतील. पिल्लाच्या पहिल्या लसी आणि नसबंदी त्यातून करावी. डबा मध्येच फोडावा लागला, तर यंदा पिल्लू नाही. रोज शाळेच्या वाटेवर भेटणाऱ्या कुत्र्यासाठी मुलाने पाण्याचे भांडे भरून ठेवावे. त्याला डबा लागत नाही.